घरातली उपकरणं वायफायला जोडताना: आधी राउटर, मग बल्ब

स्मार्ट प्लग आणला, ॲप उतरवलं, दोन मिनिटं गोल फिरणारं चाक पाहिलं आणि शेवटी ‘जोडणी झाली नाही’. मग प्लग दुकानात परत. बहुतेक वेळा त्या प्लगचा काही दोष नसतो. वायफायचं नाव, बँड, सुरक्षेचा प्रकार किंवा हातातला मोबाइल यांपैकी काहीतरी आडवं आलेलं असतं. म्हणून उपकरणाला हात लावण्याआधी राउटरवर अर्धा तास घालवा. तो अर्धा तास पुढे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, गिझर अशा सगळ्यांना पुरतो.

डबा कुठे लावायचा

फायबरचं कनेक्शन घेतलं की नेटवाला जो पांढरा डबा लावून जातो तो दोन कामं करतो. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं नेट करतो आणि तेच घरभर वायफायने पसरवतो. त्याचं नाव ओएनटी, पण घरात सगळे राउटरच म्हणतात, तेव्हा इथेही तेच म्हणू. वायर जिथून आत येते तिथेच, गॅलरीच्या कोपऱ्यात नाहीतर दारामागे मीटरजवळ, डबा ठोकणं नेटवाल्याला सोपं जातं. घरासाठी ती जागा सगळ्यात वाईट, कारण अर्धं वायफाय रस्त्यावर आणि जिन्यात जातं. बसवायला आले त्याच दिवशी त्यांना सांगा की फायबर हॉलच्या मधल्या भिंतीपर्यंत आणून द्या. नंतर बोलावलं तर वेगळे पैसे पडतात आणि फायबरला जोड बसतो.

उंची पाच ते सात फूट ठेवा. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, आरशाशेजारी किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवू नका. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. शोकेसच्या बंद काचेआडही नको. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद कप्प्यातला राउटर तापून दुपारी अडखळायला लागतो आणि रात्री आपोआप ‘बरा’ होतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर खिळ्याभोवती आवळून गुंडाळू नका. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण दिलं तर प्रकाश वळणावरच गळतो.

घराची बांधणी पाहून बाकीचं ठरतं. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या आरसीसी फ्लॅटमध्ये दोन बेडरूमपर्यंत एक राउटर सहसा पुरतो. आड येतात ते लिफ्टची भिंत, कॉलम आणि टाइल्स लावलेलं बाथरूम. सिडकोतल्या दुमजली रो-हाउसमध्ये राउटर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर लावा, म्हणजे स्लॅबमधून वाट काढायची वेळ कमी येते. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांची गोष्ट वेगळी. तिथल्या जाड दगडी किंवा विटांच्या भिंतीपुढे पाच गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीतच दम तोडतं. अशा घरात जास्त अँटेनाचा महागडा राउटर घेऊन पैसे घालवू नका. वायर टाकून दुसरा राउटर बसवा. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

दोन बँड, दोन नावं

आताचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात. २.४ हळू, पण भिंतीपलीकडे पोचतो. ५ वेगवान, पण जवळच्याच कामाचा. स्मार्ट प्लग, बल्ब, एसी, वॉशिंग मशीन, स्वस्त कॅमेरे आणि बरेचसे प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, कारण त्यांच्यातली चिप स्वस्त असते आणि त्यांना वेगाची गरजही नसते. अडचण अशी की पुष्कळ राउटरांवर दोन्ही बँडना एकच नाव असतं. मोबाइल ५ वर बसलेला, प्लग २.४ वर शोधतोय, आणि जोडणी मधेच तुटते.

म्हणून दोन्ही नावं वेगळी करा. मोबाइल वायफायला जोडून ब्राउजरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ (टाइप करताना इंग्रजी अंक). युजरनेम आणि पासवर्डही तिथेच. आत गेल्यावर वायफायच्या पानावर इतकं करा:

२.४ चं नाव साधं, इंग्रजी अक्षरांत. देवनागरी, इमोजी, अवतरणचिन्ह, मोकळी जागा नको, कारण जुनी उपकरणं त्यावर अडतात.

५ ला तेच नाव देऊन शेवटी ५ चा अंक लावा. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ असं काही दिसलं तर ते बंद करा, नाहीतर दोन नावं होतच नाहीत.

२.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडलं तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट अंगावर येतो. मोफत वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये आजूबाजूची नावं कुठल्या चॅनेलवर आहेत ते दिसतं, त्यातलं सर्वांत रिकामं घ्या. ५ साठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनेल आणि रुंदी ८० ठेवा.

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर बल्ब आणि जुने टीव्ही आत येऊच शकत नाहीत, आणि कारण सांगतही नाहीत. दोन्हींचं मिश्रण चालतं, पण त्यात एखादं उपकरण हटून बसलं तर सरळ डब्ल्यूपीए२ वर या.

डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून पासवर्डशिवाय उपकरण जोडायची सोय) बंद करा. त्याच्या आठ अंकी पिनमधली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली आहे. बटण दाबून प्रिंटर जोडायचा असेल तेवढ्यापुरतं चालू करा, मग पुन्हा बंद.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आमचा आग्रह किमान बाराचा. मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, मुलांची नावं नकोत. आणि एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: उद्या कंपनी बदलली आणि नवा राउटर आला, तर नाव आणि पासवर्ड अक्षरशः तेच ठेवा, लहान-मोठी अक्षरंसुद्धा. मग घरातली बहुतेक उपकरणं काही न करता आपोआप जोडली जातात. हे न केल्यामुळे लोक पंधरा बल्ब पुन्हा पंधरा वेळा रीसेट करत बसतात.

जोडायची सुरुवात टीव्हीपासून

टीव्ही राउटरशेजारी असेल तर वायफाय विसरा, लॅनची वायर लावा. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण फोर-के चित्राला साधारण २५ लागतात, तेव्हा भरपूर झाले. वायर शक्य नसेल तर ५ चं नाव निवडा.

वायफाय जोडलेलं दिसतं पण कुठलंच ॲप उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी टीव्हीची तारीख आणि वेळ पाहा. वीज जाऊन घड्याळ मागच्या एखाद्या वर्षात गेलं असेल, तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र टीव्हीला ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. तारीख दुरुस्त केली की नेट सुरू.

प्लग आणि बल्ब: इथेच सगळे अडकतात

पहिली जोडणी राउटर असलेल्या खोलीतच करा. गिझरचा प्लग आधी हॉलमधल्या सॉकेटला लावून जोडा, मग बाथरूमकडे न्या. मोबाइलवर पाच गोष्टी तपासा: वायफाय २.४ च्या नावावर, लोकेशन चालू, ब्लूटूथ चालू, मोबाइल डेटा बंद, व्हीपीएन बंद. लोकेशन कशाला, असा प्रश्न पडतो. अँड्रॉइड ॲपला आसपासच्या वायफायची नावं पाहायची तर ती परवानगी लागते. ती नाकारली तर ॲपला प्लग दिसतच नाही.

आता प्लगचं बटण पाच सेकंद दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकला की तो जोडणीला तयार. बल्बला बटण नसतं, म्हणून भिंतीवरचं बटण एकेक सेकंदाने चालू-बंद असं तीन ते पाच वेळा करा. आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, खोक्यावर लिहिलेला असतो. ॲपमध्ये वायफायचा पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं डोळ्यांनी पाहा. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि शेवटी मोकळी जागा सोडतो. पासवर्ड चुकला तरी बल्ब तसं सांगत नाही. तो गुपचूप प्रयत्न करत राहतो आणि ॲप शेवटी एवढंच म्हणतं की वेळ संपली. त्यामुळे दोष बल्बवर जातो.

तरीही जमलं नाही, तर हॉटस्पॉटची पद्धत वापरा. बटण पुन्हा पाच सेकंद दाबा, दिवा सावकाश लुकलुकू लागतो. म्हणजे प्लगने स्वतःचं छोटं वायफाय सुरू केलं. मोबाइलच्या वायफाय यादीत जाऊन त्याला जोडा आणि ॲपवर परत या. इथे मोबाइल विचारतो की या वायफायला इंटरनेट नाही, जोडून राहायचं का. ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हटलं किंवा मोबाइल डेटा चालू राहिला, तर फोन प्लगला सोडून निघून जातो आणि काम तिथेच फसतं.

जोडणी झाली, पण दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतं? आधी पाहा, कोणी भिंतीवरचं बटण बंद केलंय का. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. आजी-आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी नेहमीच्या सवयीने बटण दाबणारच, तो त्यांचा दोष नाही. ज्या खोलीत बटण जास्त वापरलं जातं तिथे बल्बाऐवजी स्विच बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल घ्या, म्हणजे बटणही चालतं आणि मोबाइलही. त्याला बोर्डात न्यूट्रल वायर लागते. जुन्या फिटिंगमध्ये ती बोर्डापर्यंत आलेली नसते, तेव्हा खरेदीआधी वायरमनकडून बोर्ड उघडून पाहून घ्या.

गिझरच्या बाबतीत मात्र हयगय नको. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३,००० वॉटचा तेरा. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग त्यावर लावला तर तो तापतो, प्लास्टिक वितळतं आणि आतले संपर्क चिकटून बसतात, मग ॲपमधून बंद केलेला गिझरही चालूच राहतो. १६ अँपिअरचाच प्लग घ्या, तोही घट्ट बसणाऱ्या सॉकेटमध्ये. सैल सॉकेट म्हणजे ठिणगी. एसीलाही हाच नियम.

वायफायवाला एसी आणि वॉशिंग मशीन जोडायला फारसं काही नाही. कंपनीचं ॲप, रिमोटवरचं किंवा पॅनेलवरचं ठराविक बटण, २.४ चं नाव, झालं.

प्रिंटर रोज ‘ऑफलाइन’ का होतो

राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता पत्ता देतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. उपाय एकदाच करायचा. राउटरच्या डीएचसीपी पानावर (पत्ते वाटायचं काम तिथून चालतं) प्रिंटरचा मॅक पत्ता शोधा (उपकरणाची स्वतःची ओळख, बारा अक्षर-अंकांची असते) आणि त्याच्यासाठी एक पत्ता, म्हणजे आयपी, राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. मग लॅपटॉपमधला जुना प्रिंटर काढून टाका आणि या पत्त्याने नव्याने जोडा. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरसाठीही असंच करा.

मोबाइलवर मात्र ही युक्ती सरळ चालत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न देता बनावट देतात. फोनचा पत्ता राखायचा असेल, किंवा मुलांच्या फोनला वेळेची मर्यादा लावायची असेल, तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फोनचा मॅक वापरा’ निवडा. आयफोनवर ‘खाजगी वायफाय पत्ता’ बंद करा.

कॅमेरा

मोबाइलवर आलेला क्यूआर कोड लेन्ससमोर पंधरा-वीस सेंटीमीटरवर धरायचा, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून. बीप आला की समजलं. पण भिंतीला भोक पाडण्याआधी कॅमेरा त्या जागी हाताने धरून पाहा. ॲपमध्ये किंवा वायफाय ॲनालायझरमध्ये सिग्नल उणे ६५ च्या आसपास हवा. उणे ७५ म्हणजे दिवसा चित्र अडकत चालेल आणि रात्री, सगळी बिल्डिंग मोबाइल पाहत असताना, बंद पडेल. अंक जितका शून्याकडे तितका सिग्नल चांगला.

बाहेर लावायचा कॅमेरा वॉटरप्रूफ असतो, त्याचा ॲडॉप्टर नसतो. पावसाळ्यात कॅमेरे जातात ते बहुधा इथून. ॲडॉप्टर खिडकीच्या आत ठेवा आणि वायर भिंतीत शिरण्याआधी खाली लोंबता झोल द्या, म्हणजे पाणी झोलातून ठिबकेल, आत जाणार नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांसाठी बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. घराच्या आतला कॅमेरा दुसऱ्या कुणी पाहणं ही काल्पनिक भीती नाही.

रेंज पोचत नाही तिथे दुसरा राउटर

बाजारातला स्वस्त रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. एक-दोन प्लगसाठी ठीक, मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी नाही. वायर टाका. कॅट-६ केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंत चालते. नाशिकच्या एम. जी. रोडवर किंवा कुठेही घेताना ‘शुद्ध तांबं’ असं विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण टोकाशी तुटते. वायर सोलून टोक ब्लेडने खरवडा, आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर परत करा.

वायरला प्लग लावताना दोन्ही टोकांना रंगांचा एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बसल्या पाहिजेत. चारच लागल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊन पंच्याण्णवच मिळतात, अशा तक्रारीत पुष्कळदा हीच वायर निघते.

घरातला जुना राउटर वापरायचा तर आधी तो एकट्या लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड पहिल्यासारखंच द्या, फक्त २.४ चं चॅनेल वेगळं ठेवा. मग पहिल्या राउटरच्या लॅनमधून निघालेली वायर याच्याही लॅनमध्येच लावा. निळ्या किंवा पिवळ्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत घेणाऱ्या पोर्टात) लावली तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. नेट दोन्हीकडे चालतं, पण वरच्या मजल्यावरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर दिसत नाही.

वीज आणि लाल दिवा

इन्व्हर्टर असूनही वीज गेल्या क्षणी नेट जातं, कारण वीज बदलताना पडलेल्या खंडात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावा. ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुधा १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. ८,८०० एमएएचची बॅटरी ऐकायला मोठी वाटते, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. दहा वॉट खाणारा राउटर त्यावर तीन तासांच्या आत-बाहेर चालतो.

‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाश येत नाही. रीसेट करून काही होत नाही, वायर बाहेर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. हिरवा कनेक्टर एकदा नीट बसलाय का पाहा, टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावू नका, मग तक्रार नोंदवा. नेटवाले आले की प्रकाश मोजणाऱ्या मीटरवरचं वाचन विचारा. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर उत्तम, उणे २७ च्या पलीकडे गेलं असेल तर वायर बदलायला लावा. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. त्याने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि चालू असलेलं नेटही बंद पडतं.

वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की राउटरचा ॲडॉप्टर काढा. गच्चीवरून तांब्याची लॅन वायर आत येत असेल तर तीही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तांब्यातून येते आणि वॅन पोर्ट जाळून जाते.

पाहुणे

२०२७ च्या सिंहस्थाला कित्येक घरांत आठवडाभर पाहुणे उतरतील आणि आल्या आल्या पासवर्ड विचारतील. राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय चालू करा आणि त्यांना फक्त त्या वायफायचा पासवर्ड द्या. त्यांना नेट मिळेल, पण तुमचे कॅमेरे आणि प्रिंटर त्यांच्या मोबाइलला दिसणार नाहीत. पाहुण्यांना तुमच्या टीव्हीवर फोटो दाखवायचे असतील तर मात्र गेस्टवरून जमणार नाही, ते तुमच्या मोबाइलवरून दाखवा. ते परतले की गेस्ट बंद करा. आणि एखादा प्लग किंवा कॅमेरा कुणाला द्यायचा, विकायचा असेल, तर आधी आपल्या ॲपमधून तो काढून टाका. नुसता रीसेट केला तरी पुष्कळ कॅमेरे जुन्याच खात्याला बांधलेले राहतात आणि नव्या घरात जोडलेच जात नाहीत.